सासूबाईंच्या पाहुण्या

कोंबडीचा घसा आणि माणसाचा घसा देवाने एकाच मातीतून केला, असं माझ्या सासूबाईंचं ठाम मत होतं. त्यामुळे हिवाळा लागला की आमच्या चुलीवर एकच पातेलं चढायचं, आणि त्यातलं अर्धं माणसांच्या पोटात आणि अर्धं गच्चीवर जायचं. पेरूची पानं, ओव्याच्या वासाचा झातर, चिमूटभर कलौंजी. माणसांच्या वाटणीत वरून काकवी पडायची, कोंबड्यांच्या वाटणीत ठेचलेला लसूण. लग्न होऊन मी नवी नवी आले तेव्हा एकदा चुकून मला लसणाची वाटी मिळाली. मी तोंड वाकडं केलं, तर म्हणाल्या, "पी गप. कोंबड्या कधी नावं ठेवत नाहीत, आणि वर अंडी देतात."

त्यांचं नाव फिक्रिया. नावातच फिकीर, मग बाई निवांत बसणार कशी? दाराची कडी वाजली तरी छातीवर हात. मुलगा रबीअ, म्हणजे माझा नवरा, लिबियात बांधकामावर, म्हणून रेडिओवर लिबियाचं नाव आलं की छातीवर हात. मात्र कोंबड्यांपाशी गेल्या की हीच बाई वेगळी व्हायची. फय्यूम जातीच्या करड्या-पांढऱ्या ठिपक्यांच्या कोंबड्या त्या. चपळ, भांडखोर, कुणाला हात लावू न देणाऱ्या. सासूबाईंच्या मात्र मांडीवर येऊन बसायच्या. गल्लीत म्हणायचे, एकाच जातीच्या आहेत ना, पटणारच.

अंड्यांसाठी काय काय घालायचं हे त्या कुणालाही सांगत, कारण सांगूनही कुणाला जमणार नाही याची त्यांना खात्री होती. अंड्यांची टरफलं आधी भट्टीत भाजायची आणि मगच कुटायची. तशीच कच्ची टाकली तर कोंबडीला स्वतःच्या अंड्याची चव लागते आणि ती घरभेदी होते. तळ्याच्या काठावरून शिंपले आणून त्यांचा चुरा, म्हणजे अंड्याचं कवच कडक येतं. बरसीमचा हिरवा चारा रोज. बलक लालसर हवा तर वाळल्या लाल मिरचीची पूड कोंड्यात. आदल्या दिवशीच्या भाकरीचे तुकडे कणकेच्या आंबवणाच्या पाण्यात भिजवून. एवढं सगळं सांगायच्या, पण कोंबड्या किती हे मात्र मरेपर्यंत सांगितलं नसतं. कुणी विचारलं की, "आहेत, देवाची कृपा," आणि विचारणाऱ्याच्या पाठीमागे मीठ. नवरा गेल्यावर याच कोंबड्यांवर त्यांनी पोर वाढवलं होतं. नजर लागू द्यायची तर ती दुसऱ्या कशालाही लागलेली त्यांना चालली असती, कदाचित मलाही.

खोकल्याला मात्र अख्खी गल्ली आमच्याच दारात. अंगणात पेरूचं झाड, आणि त्याची पानं कोवळी हवीत की जून, सुक्या खोकल्याला किती उकळायची, कफाच्या खोकल्याला कांद्याचा रस कधी, हे सासूबाईंना विचारल्याशिवाय कुणी लेकराला चमचा लावत नसे. समोरची हाशिमची आई तर स्वतःला साधा ठसका लागला तरी वाटी घेऊन हजर. दोघी रोज भांडायच्या आणि रोज एकत्र बसायच्या.

त्या हिवाळ्यात पक्ष्यांचा ताप आला. टीव्हीवर सारखं तेच: पक्षी मरतायत, माणसंही मरतायत, गच्चीवर पक्षी ठेवू नका. मग शेजारच्या गावात पांढऱ्या कपड्यांतली, तोंड बांधलेली माणसं पोती घेऊन आली आणि गच्च्या रिकाम्या करून गेली. एका घरात आजारी पक्षी सापडला की आजूबाजूच्या सगळ्या घरांतले पक्षी जायचे, चांगले असोत की आजारी.

ही बातमी आली त्या दुपारी गल्लीतल्या बायका आमच्या उंबऱ्यावर जमल्या.

"आमच्यात एकाही घरात पक्षी नाही," हाशिमची आई म्हणाली. तिच्याकडे बदकं होती, तिच्या पाठीमागे ती ओरडतही होती.

"पोरं बोलतील," मी म्हणाले.

"पोरांना शिकवायचं. कोंबडी म्हणायचंच नाही. काय म्हणायचं गं, रबीअच्या आई?"

सासूबाईंनी जरा विचार केला. "पाहुण्या म्हणायचं. पाहुण्यांना कुणी हाकलत नाही."

झालं. त्या संध्याकाळपासून गल्लीतली पोरं पाहुण्यांना दाणे टाकू लागली आणि पाहुण्यांची घाण काढू लागली. आमच्या पाहुण्या गच्चीवरून उतरून थेट माझ्या खोलीत आल्या. माझ्या लग्नातला पलंग, आरशाचं कपाट, माहेरून आणलेला गालिचा. कोंबड्या आरशातल्या कोंबड्यांवर तुटून पडायच्या. रबीअचा लिबियाहून फोन आला तर म्हणाला, "हा आवाज कसला?"

"पाहुण्या आल्यात."

"कोण?"

"तुझ्या आईच्या."

"मग बोलू दे की मला त्यांच्याशी," तो म्हणाला. माझ्या नवऱ्याला तेवढं कळलं असतं तर लिबियाला कशाला जावं लागलं असतं?

राहता राहिला कोंबडा. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही म्हणतात. आमच्या कोंबड्याला टोपलीखाली झाकलं, वर गोधडी टाकली, तरी तो अख्ख्या इज़बेला, म्हणजे आमच्या वाडीला, तांबडं फुटल्याचं सांगायचा. शेवटी सासूबाईंनी रडत रडत त्याला कापला, आणि रडत रडत त्याचा रस्साही चांगला केला.

त्यानंतर काही दिवसांनी एका कोंबडीने मान टाकली. पंख सैल, डोळे अर्धे मिटलेले, घशात घरघर. सासूबाईंनी तिला पेरूच्या पानांचं पाणी पाजलं, लसूण भरवला. उतार पडेना. मग त्यांनी तेच केलं जे त्यांच्या आईने आणि आजीने केलं असतं: ती स्वतः मरण्याआधी बिसमिल्ला म्हणून कापली. मेलेलं जनावर हराम, कापलेलं हलाल. वाया कसं घालवायचं? माझी दुहा, चार वर्षांची, आजीच्या शेजारी फतकल मारून बसली आणि पिसं उपटू लागली. एकेक पीस हातावर घेऊन फुंकायची आणि खिदळायची. मी दारातून बघत होते, आणि मलाही ते गोडच वाटलं.

मग दुहा खोकू लागली.

आधी कोरडा, चिवट खोकला. दुसऱ्या कुठल्याही हिवाळ्यात मी लक्षही दिलं नसतं. पण त्या वर्षी खोकला म्हणजे घराबाहेर लावलेला भोंगा होता. भिंतीला भिंत लागून घरं. पलीकडे कुणी पाणी प्यायलं तरी ऐकू येतं. दुहाला उबळ आली की माझा जीव अर्धा पोरीत आणि अर्धा भिंतीत. सासूबाईंनी यावर असा उपाय काढला की मला हसावं की रडावं कळेना. दुहा खोकली की त्या लगेच तिच्याहून मोठ्याने खोकायच्या. घसा फाटेस्तोवर. म्हणजे गल्लीला वाटावं, म्हातारीच खोकतेय.

"कोण खोकतंय गं?" हाशिमच्या आईने समोरून विचारलंच.

"मी! दुसरं कोण खोकणार? म्हातारपण आलंय!"

"मग पेरूची पानं घे की."

"मला शिकवतेस तू? मला?"

आत येऊन दार लावलं की मात्र त्या थेट चुलीकडे वळायच्या. पातेलं चुलीवरून उतरत नव्हतं. पेरूची पानं झाली, झातर झाला, कांद्याच्या रसात काकवी झाली. तिळाचं तेल कोमट करून छातीला चोळलं, वर वर्तमानपत्राचा कागद लावून बंडी घातली. दुहा हलली की कागद करकरायचा. मी तो आवाज ऐकत पडून राहायचे. कागद करकरला म्हणजे पोर हलतेय, पोर हलतेय म्हणजे आहे. पलंगाच्या पायथ्याशी कोंबड्या मान पंखात घालून बसलेल्या असायच्या, आणि मला त्यांचा इतका राग यायचा की एकेकीची मान मीच मुरगळली असती.

"यम्मा, तिने त्या कोंबडीची पिसं काढली होती," मी शेवटी म्हणाले. इतके दिवस दोघींच्याही मनात हेच होतं, आणि दोघीही पातेल्याकडे बघत होतो.

"माहीत आहे मला."

"मग?"

"मग काय? मीही काढली होती. मला झालंय काही?" आणि त्या खोकल्या. दुहा खोकलीही नव्हती. सवयच लागली होती.

पोरीला ताप चढला. मग एका सकाळी बघते तर श्वास घेताना तिच्या बरगड्यांमधली कातडी आत ओढली जातेय आणि ओठांचा रंग बदललाय. ती कुरकुरतही नव्हती. मी तिला गोधडीत गुंडाळली आणि चप्पल शोधू लागले. सासूबाईंनी अडवलं नाही. काळी शाल घेऊन त्या माझ्याआधी दारात उभ्या.

तालुक्याला जाणाऱ्या पिकअपमध्ये त्या माझ्या कानाशी बोलत राहिल्या. "जाऊ. सुई देऊ दे, सलाईन लावू दे. पण तिथे पक्ष्यांचं विचारतील. आपल्याकडे पक्षी नाहीत."

"मी सांगणार आहे, यम्मा."

"सांग. आणि उद्या हाशिमच्या आईच्या तोंडाकडे बघ. पलीकडच्या वहिदाच्या पोरांना अंड्यांवाचून दुसरं काय आहे खायला? पोतीवाले आपल्याच दाराशी थांबतील का? गल्ली साफ करतील." मग म्हणाल्या, "साधा खोकला आहे. माझ्या पानांनी आजवर कितीतरी खोकले उतरलेत." पण माझ्याकडे बघत नव्हत्या, पोरीच्या नाकपुड्यांकडे बघत होत्या.

तापाच्या इस्पितळात गर्दी होती, तरी दुहाला बघून आम्हाला लगेच आत घेतलं. डॉक्टर तरुण मुलगी होती, डोक्याला निळा रुमाल, डोळ्यांत झोप. दुहाच्या छातीला नळी लावता लावताच तिने विचारलं, "घरी पक्षी आहेत?"

मी तोंड उघडलं, पण सासूबाईंचं आधीच सुटलं होतं. "नाहीत बाई. कुठले पक्षी? चिमणीसुद्धा येत नाही आमच्याकडे."

डॉक्टरने मान वर केली. चिडली नाही. "हाज्जा, मी मनूफियातल्या खेड्यातली. माझ्या आईच्या गच्चीवरही होत्या. इथे येणारं प्रत्येक घर मला हेच सांगतं. त्या तापाचं औषध आहे आमच्याकडे, पण ते लवकर दिलं तरच चालतं. आणि पोरीला कुठल्या खोलीत ठेवायचं तेही मला आत्ता ठरवायचंय." मग तिने दुहाच्या कपाळावरचे केस बाजूला केले. "असं करा. हिच्या डोक्यावर हात ठेवा आणि म्हणा, हिच्या जिवाची शपथ, आमच्याकडे पक्षी नाहीत. मी विश्वास ठेवते."

आता सासूबाईंच्या शपथा म्हणजे काय सांगू? भाजीवाल्याशी घासाघीस करताना भाकरीची शपथ, मिठाची शपथ, पैगंबराची शपथ. दिवसात इतक्या की वरच्यानेही मोजणं सोडून दिलं असेल. त्यांनी हात उचलला. दुहाच्या डोक्यापर्यंत आणला. आणि हात तिथेच थांबला. खाली जाईना, मागेही येईना. दुहाने डोळे उघडून त्या हाताकडे बघितलं. तिला वाटलं, आजी कुरवाळणार आहे, म्हणून तिने डोकं जरा वर केलं.

सासूबाईंनी हात झटक्यात मागे घेतला, जसा काही विस्तवाला लागला असावा.

"आहेत," त्या म्हणाल्या. "आहेत, आहेत. गच्चीवर होत्या, आता सुनेच्या खोलीत आहेत. एकीने मान टाकली होती, मी कापली. हिने पिसं काढली. माझ्या शेजारी बसून काढली, मीच म्हटलं, ये, मदत कर आजीला. दे ते औषध. दे लवकर. बघत काय बसलीस?"

डॉक्टर बघत बसली नव्हतीच. तिने नर्सला हाक मारली होती. धावपळीत तिने एवढंच विचारलं, "गल्लीत आणखी कुणाकडे आहेत?"

"माझं मी सांगितलं," सासूबाई म्हणाल्या. "दुसऱ्याचं मला विचारू नकोस."

मी सांगणार होते, अगदी तोंडाशी आलं होतं, हे मी कितीही सांगितलं तरी आता त्याला अर्थ नाही. सांगितलं त्यांनी.

दुहाला काचेच्या खोलीत ठेवलं. आम्हालाही तपासलं, घशात काड्या घातल्या, तोंडाला बांधायला फडकी दिली. मी काचेला नाक लावून उभी, आणि सासूबाई भिंतीला टेकून खाली बसलेल्या. अधूनमधून नर्सला विचारायच्या, "पेरूच्या पानांचं पाणी चालेल का हो? अगदी दोन चमचे?" नर्स नाही म्हणायची. त्या मान हलवायच्या आणि थोड्या वेळाने पुन्हा विचारायच्या. मला तोवर त्यांच्यावर चिडायचं होतं. कोंबडीवर, पिसांवर, त्या 'पाहुण्यां'वर. पण काचेपलीकडे पोरीची छाती खालीवर होत होती, आणि चिडायला जेवढा श्वास लागतो तेवढा माझ्याकडे नव्हता. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. त्यांनी माझा हात इतका घट्ट धरला की बांगडीचा वळ उठला.

तपासणीचा निकाल आला: तो ताप नव्हता. छातीत साधा न्यूमोनिया. साधा म्हणजे मारणारा, पण पक्ष्यांचा नव्हे. सुया सुरू होत्याच. दुहाने हळूहळू डोळे उघडले, मग बिस्कीट मागितलं, मग नर्सला म्हणाली, "मला घरी जायचंय, माझ्या पाहुण्या वाट बघतात." मी तोंड फिरवून रडले. सासूबाई उघड उघड, नाक ओढत रडल्या.

घरी आलो तेव्हा गल्ली ओळखू येईना. पोतीवाले येऊन गेले होते. उंबऱ्यांवर चुन्याची भुकटी, गच्च्यांवर रिकामी खुराडी. सकाळी बांग नाही, दुपारी बदकं नाहीत. नुसती माणसंच ओरडतायत. आणि ती आमच्यावर.

"साध्या खोकल्यापायी गल्ली उजाड केली!" हाशिमची आई चौकात उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "नव्हताच ना तो रोग? नव्हताच ना?"

"नव्हता हे तुला आज कळलं," सासूबाई दारातून म्हणाल्या. "मला त्या दिवशी कुठे ठाऊक होतं?"

"पाहुण्यांना कुणी हाकलत नाही म्हणे!"

सासूबाई आत आल्या आणि दार लोटून घेतलं.

पेरूच्या पानांसाठी आमच्या दारात कुणी येईनासं झालं. पोरं खोकायची, आम्हाला ऐकू यायचं, पण कडी वाजत नसे. सासूबाई भट्टीपाशी बसून कान देत राहायच्या. "हा कफाचा," स्वतःशीच म्हणायच्या. "हा नुसता घशाचा. याला कांदा द्यायला हवा." नळावर गेल्या की बायका बादल्या उचलून बाजूला व्हायच्या. वहिदाने तर तोंडावर शिव्या घातल्या. तिची पोरं कोरडी भाकरी खात होती, तिचं काय चुकलं? सासूबाई ऐकून घ्यायच्या. उलट उत्तर द्यायला जन्मात न चुकलेली बाई, गप्प बादली भरून यायची. रात्री मला म्हणायच्या, "बोलू दे गं. त्यांचं गेलंय." दुहा मांडीवर आली की तिच्या पाठीला कान लावून श्वास ऐकायच्या, ती गुदगुल्यांनी हसेपर्यंत.

उन्हाळ्याच्या तोंडाशी, एका दुपारी कडी वाजली. हाशिमची आई. कडेवर नातू, शालीत गुंडाळलेला, तोंड लाल. एवढ्या दिवसांत ती आमच्या उंबऱ्याला शिवली नव्हती, आणि आता आमच्याकडे न बघता, झाडाकडे बघत म्हणाली, "जरा पानं दे. कोवळी."

पोरगं खोकलं. सासूबाई पुढे झाल्या, न विचारता शाल बाजूला केली आणि त्याच्या छातीला कान लावला. मग कान काढला आणि हाशिमच्या आईच्या झग्याच्या काठाकडे बघत राहिल्या. काठाला बदकाचं मऊ पांढरं पीस चिकटलं होतं, आणि खाली वाळलेली हिरवट घाण.

"कुठे ठेवलीस?" सासूबाईंनी हळूच विचारलं.

"काय?"

"बाई गं. माझ्यासमोर नको."

हाशिमच्या आईचं तोंड वेडंवाकडं झालं. "पलंगाखाली. पोतीवाल्यांच्या दिवशी टोपलीत झाकली, वर मी बसले. काल एक मेलं." मग एकदम खालच्या आवाजात, घाईघाईने, "तू पानं दे ना फिक्रिया. पानांनी उतरेल. तुझ्या हाताला गुण आहे, सगळे म्हणतात. सांगायला गेले तर पुन्हा येतील पोती घेऊन, आणि आता कुठे वहिदाने नवी पिल्लं आणलीत. मला गल्लीत राहायचंय गं."

झाड पानांनी भरलेलं होतं, तिघींच्या डोक्यावर होतं.

"पानं नाहीत," सासूबाई म्हणाल्या. "नग्ला, माझी शाल आण."

मी शाल आणली. त्यांनी ती डोक्यावर घेतली आणि हाशिमच्या आईला दंडाला धरून रस्त्याकडे वळवलं.

"तू नुसतं पोराला धर," त्या म्हणाल्या. "तिथे विचारतील तेव्हा तू गप्प राहायचं, मी सांगेन. घरी येऊन म्हण, फिक्रियानेच चहाडी केली. मला शिव्या खायची सवय झालीय, तुला नाही झेपायच्या."